कमरेचे पिस्तूल आणि बाजारातली माणसे

अंगावर पिस्तूल लपवून हिंडण्याचा वाद अमेरिकेतला, आपल्याकडे त्याचे काय, असे पुष्कळांना वाटते. त्यांनी शस्त्र नियम, 2016 मधला 32 वा नियम वाचावा. परवानाधारकाने सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचे असेल तर ते अंगाला बांधलेल्या कव्हरात किंवा तशाच पिशवीत असले पाहिजे, पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे आणि त्याच्यावर त्या माणसाचा नीट ताबा असला पाहिजे, असे हा नियम सांगतो. ते बाहेर काढून परजले किंवा बार काढला तर परवाना जाऊ शकतो. म्हणजे शस्त्र झाकून बाळगणे ही आपल्या कायद्यात परवान्याची अटच आहे. लोकांवर दहशत बसू नये हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगला आहे.

पण त्याचा परिणाम आमच्या अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरसारख्या तालुक्याच्या गावात काय होतो ते पाहा. बसस्थानकावर, बाजार समितीच्या आवारात, हंगामात जिनिंगपुढे लागलेल्या कापसाच्या गाड्यांच्या रांगेत शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या शर्टाखाली काय आहे हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. ज्याला कळावे अशी त्या माणसाची इच्छा असते, त्याला मात्र बरोबर कळते. ज्याच्याशी धुऱ्याचा वाद आहे, ज्याने वाळूचा ट्रॅक्टर अडवला आहे, ज्याने सोसायटीच्या निवडणुकीतला अर्ज मागे घेतलेला नाही, अशा माणसापुढे शर्ट जरासा वर सरकतो. तेवढ्याने काम होते. कोणी तक्रार करायला गेले तर ठाण्यात लिहून घ्यावे असे काहीच घडलेले नसते.

माझे म्हणणे सरळ आहे. घरात शस्त्र ठेवणे आणि ते कमरेला लावून गर्दीत जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज एका परवान्यात दोन्ही बसतात. ते थांबले पाहिजे.

बीडने हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रापुढे उघडा केला. 9 डिसेंबर 2024 रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांना हाल हाल करून मारण्यात आले. त्यांना गोळी घातली गेली नव्हती. तरीही त्या हत्येनंतर जिल्ह्यात सर्वांत आधी चर्चा सुरू झाली ती पिस्तुलांची. हवेत गोळ्या झाडतानाच्या, कमरेला पिस्तूल लावून मिरवतानाच्या चित्रफिती फिरू लागल्या. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी परवान्यांचे आकडे मांडले. बीडमध्ये 1222, शेजारच्या परभणीत 32 आणि आपल्या अमरावतीत 243. एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली, लागून असलेल्या दोन जिल्ह्यांत एवढे अंतर कसे पडते? बीडच्या माणसाच्या जिवाला परभणीच्या माणसापेक्षा जवळजवळ चाळीसपट धोका असतो, असे कोणी मानणार नाही. परवाने देताना शिफारस कोणाची, दडपण कोणाचे आणि नाही म्हणायची हिंमत कोणात किती, याचेच ते अंतर आहे. पुढे पोलिसांनी फेरतपासणी केली. गुन्हे दाखल असलेल्या अनेकांच्या हाती परवाने असल्याचे निघाले आणि जिल्हाधिकाऱ्यांनी शंभरावर परवाने रद्द केले. ही तपासणी करायला एका सरपंचाचा जीव जावा लागला. परवाना नूतनीकरणाला आला तेव्हाच ती का झाली नाही?

परवाना देताना काय पाहायचे हे कायद्यात स्पष्ट आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 13 प्रमाणे अर्जावर पोलिसांचा अहवाल मागवायचा. कलम 14 प्रमाणे सार्वजनिक शांतता व सुरक्षितता यांसाठी आवश्यक वाटले तर परवाना नाकारायचा. कलम 17 प्रमाणे दिलेला परवानाही निलंबित किंवा रद्द करता येतो. नकाराविरुद्ध अपील आहे, आणि ते असायलाच हवे. पण 2025 च्या ऑक्टोबरात पुण्याचे जे प्रकरण गाजले ते आठवा. शहर पोलिसांनी एका कुख्यात टोळीप्रमुखाच्या भावाला परवाना नाकारला होता आणि गृहराज्यमंत्री योगेश कदम यांनी तो अपिलात मंजूर केला. अर्जदार जुन्या खटल्यांतून निर्दोष सुटला आहे आणि अलीकडे त्याच्यावर गुन्हा नाही, हे मंत्र्यांचे समर्थन. परवाना प्रत्यक्षात हाती पडला नाही, असेही पुढे सांगण्यात आले. निर्दोष सुटलेल्या माणसाला इतर कोणताही हक्क नाकारू नये, हे मलाही मान्य आहे. पिस्तूल बाळगणे मात्र आपल्या देशात कोणाचाच हक्क नाही. ती राज्याने दिलेली सवलत आहे, आणि ती देताना संशयाचा फायदा अर्जदाराला न देता रस्त्यावरच्या बाकीच्या माणसांना दिला पाहिजे.

परवान्याचे शस्त्र सज्जनाच्या हाती असते, बेकायदा शस्त्र दुर्जनाच्या, असा एक समज आहे. 2024 च्या फेब्रुवारीने तो एका आठवड्यात मोडून काढला. 2 फेब्रुवारीच्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, कल्याण पूर्वचे तेव्हाचे भाजप आमदार गणपत गायकवाड यांनी शिंदे गटाचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. ठाण्याच्या कॅमेऱ्यात ते दिसले. आमदारांनी स्वतः वृत्तवाहिनीला सांगितले की होय, मीच गोळ्या झाडल्या, आणि त्या स्वसंरक्षणासाठी झाडल्या. पिस्तूल परवान्याचे होते. त्यानंतर सहाव्या दिवशी, 8 फेब्रुवारीला, माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना मुंबईच्या पश्चिम उपनगरात समाजमाध्यमावर थेट प्रक्षेपण चालू असताना गोळ्या घालण्यात आल्या. मारणाऱ्याने मग स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याच्याकडे स्वतःचा परवाना नव्हता. त्याने वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचे होते, आणि त्या पिस्तुलाचा परवाना उत्तर प्रदेशातला.

या दोन घटनांत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पहिल्या ठिकाणी भांडण जमिनीचे होते. जमिनीची भांडणे वऱ्हाडात रोज होतात. आवाज चढतात, कॉलर धरली जाते, फार तर काठ्या निघतात आणि दुसऱ्या दिवशी कोणी वडीलधारा मध्ये पडतो. त्या दालनात पिस्तूल नसते तर तिथेही फार तर तेवढेच झाले असते. पोलीस ठाण्याइतकी सुरक्षित जागा दुसरी कोणती? तिथेही एखाद्याला जिवाची भीती वाटून गोळ्या झाडाव्या लागत असतील, तर स्वसंरक्षण हा शब्द कोणत्याही गोळीबाराला चिकटवता येतो. दुसऱ्या घटनेत परवाना एकाचा, बोट दुसऱ्याचे. परवाना देताना पोलिसांनी अंगरक्षकाचे चारित्र्य तपासले असेल. त्याच्या मालकाचे कोण तपासणार होते?

तरीही स्वसंरक्षणाची मागणी झटकून टाकता येत नाही, आणि मला ती झटकायची नाही. रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या परिचारिकेला भीती वाटते ती खरी असते. डिसेंबर 2012 मध्ये दिल्लीत धावत्या बसमध्ये एका तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला, त्यानंतर देशातल्या लाखो घरांत ती भीती शिरली. तेव्हा आयुध निर्माणीने जानेवारी 2014 मध्ये ‘निर्भीक’ नावाचे .32 बोअरचे, सुमारे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. स्त्रियांच्या पर्समध्ये मावेल असे. किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. जिच्या महिन्याच्या पगारात हप्ते जाऊन दोन-तीन हजार उरतात, तिला हे शस्त्र काय कामाचे? आमच्या तालुक्यात ज्यांना खराच धोका आहे अशी माणसे डोळ्यांपुढे आणा. पूर्णेच्या पात्रात रात्री वाळूची गाडी अडवणारा तलाठी आणि त्याच्यासोबतचा कोतवाल. अवैध दारूविरुद्ध गावसभेत उभी राहणारी बचत गटाची बाई. माहिती अधिकारात रोजगार हमीची कागदपत्रे मागणारा तरुण. यांच्यापैकी किती जणांच्या कमरेला पिस्तूल असते? पिस्तूल असते ते बहुधा या लोकांना ज्यांची भीती वाटते त्यांच्याकडे. परवान्यांची संख्या वाढली की धोक्यातल्या माणसाचा धोका कमी होत नाही. तो वाढतो.

ज्यांना ठरवून मारायचे असते त्यांना मारेकरी वेळ आणि जागा निवडून मारतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी फिरायला निघाले असताना मारले. गोविंद पानसरे यांच्यावर 16 फेब्रुवारी 2015 रोजी सकाळीच, पत्नीसोबत फिरून परत येताना गोळ्या झाडल्या. माजी आमदार बाबा सिद्दिकींना 12 ऑक्टोबर 2024 रोजी वांद्र्यात मारले तेव्हा त्यांना पोलीस संरक्षण होते. पंजाबी गायक सिद्धू मूसेवालाकडे 29 मे 2022 रोजी स्वतःचे पिस्तूल होते, आणि तोही वाचला नाही. खिशातले शस्त्र बाहेर काढायला जे दोन-तीन क्षण लागतात ते मारेकरी देत नाही. अशा माणसांना वाचवते ती आधी मिळालेली खबर, धमकीची वेळेवर घेतलेली नोंद, आणि पहिल्या तक्रारीला उठून उभा राहणारा फौजदार.

‘गुन्हेगाराकडे कट्टा असतोच, मग आमच्याकडे का नको?’ हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. कट्टे आहेत, हे खरे. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याला लागून सीमेपलीकडे बडवानी जिल्ह्यातले उमर्टी, बऱ्हाणपूर जिल्ह्यातले पाचोरी, या कट्टे घडवणाऱ्या गावांची नावे महाराष्ट्रातल्या कित्येक पोलीस ठाण्यांच्या कागदांत आहेत. आमचा जिल्हाही त्यातून सुटलेला नाही. सिद्दिकी हत्येच्या तपासात ज्याचे नाव पुढे आले असा एक तरुण अकोट तालुक्यातला, आणि त्याच्यावर 2024 च्या सुरुवातीलाच बेकायदा शस्त्रांचा गुन्हा अकोला पोलिसांनी नोंदवला होता. पण कट्टा जरी गावात भट्टीवर घडत असला तरी काडतूस गावात घडत नाही. जप्त होणाऱ्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ आणि ‘7.65’ असा ठसा पुष्कळदा असतो. केएफ म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना. सरकारी कारखान्यातले हे काडतूस कट्ट्यात येते ते परवान्याच्या कोट्यातून किंवा विक्रेत्याच्या दुकानातून गळून. म्हणून परवान्याचे शस्त्र आणि बेकायदा शस्त्र असे दोन वेगळे पाट नाहीत, एकातले पाणी दुसऱ्यात झिरपते. परवाने वाढवून कट्ट्यांना तोंड देऊ म्हणणे म्हणजे कट्ट्यांची रसद वाढवणे. प्रत्येक परवानाधारकाने वर्षात किती काडतुसे घेतली, किती वापरली, कुठे वापरली आणि रिकाम्या पुंगळ्या कुठे आहेत, हा हिशेब ठाण्यात दरवर्षी तपासला गेला तर कट्ट्यांच्या बंदोबस्ताचे निम्मे काम होईल, असे मला वाटते.

हा वाद स्वतंत्र भारताला नवा नाही. 1878 च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी देशाला निःशस्त्र केले याचा राग राष्ट्रीय चळवळीत खोलवर होता. गांधीजींसारख्या अहिंसेच्या पुरस्कर्त्यानेही त्या कायद्यावर कडक टीका केली. 1931 च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला गेला. त्याच धाग्याने मध्य प्रांत व वऱ्हाडातून संविधान सभेत गेलेल्या ह. वि. कामतांनी डिसेंबर 1948 मध्ये शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि सभेने ती स्वीकारली नाही. कामतांच्या देशप्रेमाबद्दल शंका नाही, पण सभेचा निर्णय शहाणपणाचा होता. परक्या राज्यापुढे साऱ्या जनतेने शस्त्र मागणे वेगळे. स्वतःच्या राज्यात, जातीच्या उतरंडीवर रचलेल्या गावात, ज्याच्याकडे जमीन, पैसा आणि वजन आहे त्याच्या हाती शस्त्र जाणे वेगळे. मूलभूत हक्क कागदावर सर्वांना मिळाला असता. पिस्तूल मात्र ज्यांना परवडते त्यांच्याच घरी गेले असते. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. के. एम. जोसेफ व न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या पीठानेही हाच भेद दाखवला, की अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क आहे आणि आपल्या घटनाकारांनी तसा हक्क दिलेला नाही.

अमेरिकेने तो दिला. तिथे 23 जून 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा शतकभर जुना कायदा रद्द केला. घराबाहेर झाकून शस्त्र न्यायचे तर विशेष कारण दाखवा, असे तो कायदा सांगत होता. आता तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांत त्यासाठी परवानाही लागत नाही. त्या निकालाच्या महिनाभर आधी, 24 मे रोजी, टेक्सासमधल्या युवाल्डी गावच्या शाळेत 19 मुले आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या. शेकडो सशस्त्र पोलीस तिथे पोहोचले होते आणि तरी तासाहून अधिक काळ कोणी वर्गात शिरले नाही. चांगल्या माणसाच्या हातची बंदूक वाईट माणसाला रोखते, असे तिथे मोठ्या विश्वासाने सांगतात. त्या शाळेत चांगल्या माणसांच्या हाती शेकडो बंदुका होत्या.

अमेरिकेचा आणखी एक आकडा वऱ्हाडाने मनावर घ्यावा असा आहे. 2021 मध्ये तिथे बंदुकीने 48,830 माणसे मेली, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांनी ती स्वतःवर चालवली होती. पिस्तुलाचा धोका चोराला असतो तेवढाच, किंबहुना जास्त, ते ज्या घरात आहे त्या घराला असतो. आम्ही ज्या मुलखात राहतो तिथे हे वाक्य कोणाला समजावून सांगावे लागू नये. पंचवीस-तीस वर्षे इथल्या घराघरांतून शेतकरी उठून गेले, आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या हाताशी त्या क्षणी फवारणीचे औषध होते. निराशेचा तो एक क्षण टळला असता तर यांतले अनेक जण आज जिवंत असते. श्रीलंकेने सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तिथले आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. साधन हाताशी नसले तर माणूस वाचतो. औषध पोटात गेल्यावर निदान मूर्तिजापूरच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत धावायला वेळ असतो. गोळी तेवढाही वेळ देत नाही. कर्ज, दारू आणि राग असलेल्या घरात पिस्तूल देण्याचा विचार करताना परवाना शाखेने हे आठवावे.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो शेतकऱ्याचा असल्यामुळे त्याला पूर्ण उत्तर दिले पाहिजे. शेतात बंदूक नको का? माझे उत्तर, हवी. रोह्यांचा कळप एका रात्रीत तुरीचे तास भुईसपाट करतो, रानडुकरे हरभऱ्याचा बांध उकरून ठेवतात. माणूस थंडीत मचाणावर जागल करतो, डबे वाजवतो, फटाके फोडतो आणि सकाळी उजाडल्यावर नुकसान मोजतो. डुकराच्या धडकेने जखमी झालेले, मेलेले शेतकरीही आहेत. राज्य सरकारने 22 जुलै 2015 च्या निर्णयाने पिकाची नासाडी करणारी रानडुकरे आणि रोही वन अधिकाऱ्याच्या परवानगीने मारण्याची वाट काढून दिली. पण ज्याच्याकडे बंदूकच नाही त्याला त्या कागदाचा उपयोग नाही. वास्तविक शस्त्र अधिनियमाच्या कलम 13 मध्ये या शेतकऱ्याला झुकते माप आहे. पिकाच्या रक्षणासाठी तोंडातून दारू भरायची बंदूक, किंवा रक्षणासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची साधी बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, इतर अडचण नसेल तर, परवाना द्यावा असे कायदाच म्हणतो. पिस्तूल मागणाऱ्याला मात्र सबळ कारण दाखवावे लागते.

कायदा करणाऱ्यांनी किती विचार केला होता ते इथे दिसते. लांब नळीची बंदूक शर्टाखाली जात नाही. ती घेऊन माणूस शेताकडे निघाला की साऱ्या गावाला दिसतो. ती कुठे चालली, कोणाच्या हाती आहे, घरी परत आली की नाही, हे शेजाऱ्याला ठाऊक असते. त्या बंदुकीवर गावाची नजर असते, आणि सरकारी नोंदीइतकीच ती नजरही माणसाला आवरते. पिस्तुलावर कोणाचीच नजर नसते. साठ वर्षांत मात्र व्यवहार उलटा झाला. ज्याचे पीक जाते तो शेतकरी परवान्यासाठी हेलपाटे घालतो आणि थकून नाद सोडतो. ज्याला ठेकेदारीत, जमिनीच्या व्यवहारात, निवडणुकीत वट हवी असते, त्याचा पिस्तुलाचा अर्ज पुढे सरकतो. 31 डिसेंबर 2016 अखेर देशात सुमारे 33 लाख 69 हजार परवाने होते. एकट्या उत्तर प्रदेशात 12 लाख 77 हजार, महाराष्ट्रात 84 हजार. उत्तर प्रदेश आपल्यापेक्षा सुरक्षित आहे असे कोणी म्हणत नाही. आपला आकडा लहान आहे ही महाराष्ट्राची चांगली परंपरा आहे, आणि ती बीडच्या वाटेने जाऊ देता कामा नये.

सरकारला हे सारे मनातून ठाऊक आहे, याचा पुरावा दर निवडणुकीत मिळतो. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना नोटिसा जातात आणि शस्त्रे ठाण्यात जमा होतात. परवान्याच्या अटींतच लिहिलेले आहे की यात्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात आणि शाळा-महाविद्यालयाच्या आवारात खास परवानगीशिवाय शस्त्र न्यायचे नाही. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराकडे निघालेल्या कावडीत, लाखपुरीच्या महाशिवरात्रीच्या गर्दीत पिस्तूल चालत नाही. वरातीत हौसेने बार काढला तर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. गर्दी आणि राग जिथे एकत्र येतात तिथे शस्त्र नको, हे राज्याने मान्य केले आहे. मग आठवडी बाजार म्हणजे गर्दी नाही का? बाजार समितीतला भावाचा वाद, तहसील कार्यालयातली वाटणीची सुनावणी, एसटीत जागेवरून झालेली बाचाबाची, यांत राग नसतो का? मतदानाच्या महिनाभर जो माणूस पिस्तुलाशिवाय सुरक्षित राहतो, तो उरलेले अकरा महिनेही राहू शकतो. राहू शकत नसेल तर त्याला संरक्षण देणे हे पोलिसांचे काम आहे, आणि ते त्याने हक्काने मागावे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 नी दिलेला स्वसंरक्षणाचा हक्क प्रत्येकाला आहे, पिस्तूल असो वा नसो.

म्हणून परवान्याचे दोन प्रकार करावेत. एक, शस्त्र घरी किंवा शेतात ठेवण्याचा. दुसरा, ते सोबत घेऊन सार्वजनिक ठिकाणी जाण्याचा. दुसरा परवाना विशिष्ट धमकीची नोंद झालेली असेल तरच, लेखी कारण देऊन, एका वर्षापुरता द्यावा, आणि धोका संपला की तो संपावा. आज परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे. पूर्वी ती तीन वर्षांची होती, 2019 मध्ये वाढवली. पाच वर्षांत माणसाचे काय काय बदलते! धंदा बुडतो, भावकीत वितुष्ट येते, दारू लागते, मन ढासळते, गुन्हे दाखल होतात. त्याच्या कमरेचे पिस्तूल तेच राहते. घरगुती हिंसाचाराची तक्रार आली त्याच दिवशी त्या घरातले शस्त्र ठाण्यात आणण्याचा आदेश ठाणेदाराला असावा. परवाना घेताना प्रशिक्षणाची अट 2016 च्या नियमांत आहे, पण ते प्रशिक्षण शस्त्र कसे हाताळावे याचे. ते केव्हा हातात घेऊ नये, हे कोण शिकवणार?

यांतल्या काही गोष्टींना दिल्लीत कायदा बदलावा लागेल. एका गोष्टीला मात्र कोणताही बदल लागत नाही, आणि ती अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी लगेच करावी. जिल्ह्यात ठाणेनिहाय किती परवाने आहेत, त्यांत पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचे किती आणि पीक रक्षणाचे किती, किती परवानाधारकांवर गुन्हे दाखल आहेत, गेल्या पाच वर्षांत किती अर्ज नाकारले, किती परवाने रद्द केले आणि नाकारलेल्यांपैकी किती अपिलात मंजूर झाले, हे आकडे जाहीर करावेत. कोणाचे नाव-गाव सांगायची गरज नाही. मूर्तिजापूर शहर, मूर्तिजापूर ग्रामीण, माना, बोरगाव मंजू अशा प्रत्येक ठाण्यापुढे केवळ आकडा हवा. ज्या बाजारात आपण रोज जातो तिथे किती पिस्तुले कायद्याने झाकून फिरतात, हे जाणण्याचा हक्क बाजारातल्या माणसाला आहे.

आणि आकडे आपणहून जाहीर झाले नाहीत तर वाचकांनी ते मागावेत. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.